कोहिमातील ९१७ नावे आणि नाशिकचे निनावी वीर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात ईशान्य भारताच्या सहलीविषयी एक लेख आला होता. हॉर्नबिल महोत्सव, नागा खेड्यांतील घरे, जेवणखाण, प्रवासाचे परवाने हे सगळे त्यात व्यवस्थित सांगितले होते. कोहिमाच्या वॉर सिमेट्रीला मात्र त्यात दीड ओळ मिळाली होती, आणि ती दीड ओळही तेथून शहराचे छायाचित्र चांगले येते एवढे सांगण्यातच संपली होती. लेखकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. आम्ही डिसेंबरात ज्या सहलीने गेलो होतो तिच्या छापील कार्यक्रमातही त्या ठिकाणापुढे 'अर्धा तास' असेच लिहिले होते आणि तो अर्धा तास दुपारचे जेवण व शालींची खरेदी यांच्या मध्ये बसवलेला होता. परवाच्या धुळवडीला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, वीरांची मिरवणूक पाहत उभा असताना मला तो अर्धा तास पुन्हा आठवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी लागलीच तर प्रवासाचा भाग कापावा आणि शेवटची विनंती तेवढी ठेवावी.

कोहिमाची ही दफनभूमी शहराबाहेर कोठेतरी नाही. दिमापूरहून इंफाळकडे जाणारा रस्ता शहराच्या मध्यातून जातो, त्या रस्त्याला लागूनच ही टेकडी आहे. खाली वाहनांचा अखंड कर्कश आवाज आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी, कडेने गुलाब लावलेली हिरवळ. उभे दगड तेथे नाहीत. जमिनीलगत बसक्या दगडी चौथऱ्यांवर कांस्याच्या पाट्या बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय कोरलेले आहे. १९, २१, २३ अशी वये वाचत माणूस पुढे सरकतो आणि थोड्या वेळाने नावांऐवजी वयेच वाचू लागतो. १९४४ च्या एप्रिलपूर्वी येथे इंग्रज उपायुक्ताचा बंगला होता, बंगल्यासमोर टेनिसचे कोर्ट होते, आणि त्या कोर्टाच्या दोन कडांना समोरासमोर खंदक खणून जपानी सैन्य व हिंदी-ब्रिटिश सैन्य हातबाँब फेकण्याच्या अंतरावरून कित्येक दिवस लढले. बंगला लढाईत नाहीसा झाला. कोर्टाच्या पांढऱ्या रेघा मात्र आज सिमेंटने आखून जपलेल्या आहेत. त्या रेघांवर आमच्यातील चारपाच जणांनी रॅकेट मारल्याचा आव आणून छायाचित्रे काढली. रखवालदार काही बोलला नाही. त्याने हे रोजच पाहिले असणार.

आमच्या गाडीत पंचवटीतील एक सेवानिवृत्त गृहस्थ होते, वयाने माझ्याहून मोठे, बोलायला स्पष्ट. दोनतीन रांगा पाहून झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, हे सगळं इंग्रजांचं. आपलं इथे काय आहे? चला, चहा घेऊ." प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, आणि पायथ्याशी पाहणाऱ्याला तो पडणे स्वाभाविकही आहे, कारण खालच्या रांगांतली बहुतेक नावे इंग्रजीच आहेत. मी त्यांना म्हटले, "काका, वर एकदा जाऊन येऊ, मग चहा." गुडघे धरत ते माझ्याबरोबर वर आले.

त्या दफनभूमीच्या सर्वांत उंच जागी जे स्मारक उभे आहे ते दफन केलेल्यांचे नाही. ते दहन केलेल्यांचे आहे. कोहिमाच्या लढाईत पडलेल्या ज्या हिंदू व शीख सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला, त्यांतील ९१७ जणांची नावे तेथे कोरलेली आहेत. खाली १,४२० जणांच्या कबरी आणि वर हे ९१७. काकांनी पहिल्या पाच-सात ओळी मोठ्याने वाचल्या, मग गप्प झाले, आणि कोणी सांगितले नसताना त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. तेथे चपला काढण्याची पद्धत नाही आणि डिसेंबरातला दगड बर्फासारखा गार होता, तरी त्यांच्यापाठोपाठ मीही काढल्या. खालून सहलीच्या व्यवस्थापकाने शिट्टी वाजवेपर्यंत आम्ही तेथेच होतो. चहा राहिला.

ज्याचे शरीर जाळले आणि ज्याच्या अस्थी कोणत्यातरी ओढ्यात वाहून गेल्या त्याची कबर असूच शकत नाही. आपल्याकडे तर कबर नसणे हेच योग्य मानले जाते. रामकुंडावर रोज किती घरांतून अस्थी येतात हे नाशिककराला सांगायला नको. अस्थी पाण्यात गेल्या, दहावे-तेरावे झाले की माणसाची जागा अशी उरत नाही, आणि तशी ती उरू नये अशीच आपली समजूत आहे. परंतु घरी मेलेल्या माणसाचे निदान श्राद्ध होते, तिथी माहीत असते, भिंतीवर तसबीर असते. परमुलखात मेलेल्या शिपायाचे यांतले काहीच नसते. त्याच्यासाठी भिंतीवर कोरलेली एक ओळ एवढाच काय तो पत्ता राहतो, आणि म्हणून त्या ओळीत नाव असणे किंवा नसणे याला फार महत्त्व आहे.

या सर्व दफनभूमी व स्मारके राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोग सांभाळतो. १९१७ साली राजसनदेने तो स्थापन झाला तेव्हा हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून मृतांमध्ये भेद करायचा नाही, प्रत्येकाचे नाव कोठेतरी कायमचे कोरायचे, असे तत्त्व ठरले. कोहिमात ते पाळले गेलेले दिसते. सगळीकडे पाळले गेले असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जी सहावी पुणे डिव्हिजन गेली आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरण आली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर ज्यांची कबर कळली नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. तेथे इंग्रज शिपायाचेही नाव कोरले आणि हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले, पण साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा एवढ्यावरच काम भागवले. असे सुमारे ३३,००० शिपाई आकड्यांत गेले. आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशियाई व आफ्रिकी सैनिकांपैकी निदान ४५,००० जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही आणि आणखी लाखाहून अधिक जणांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, हे त्यात मान्य करण्यात आले व आयोगाने माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी कितपत उपयोगाची, हा प्रश्न आहेच. तरी मला त्यातील दुसरी बाजू विचार करण्यासारखी वाटते. नावे कोरली गेली नाहीत याची लाज वाटण्यासाठी ती कोरायला हवी होती असे आधी वाटावे लागते. आपल्याला तसे कधी वाटले का?

यात माझा घरचा संबंध आहे, तो लपवून ठेवणे बरे नाही. माझ्या आजोबांचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि ब्रह्मदेशच्या लढाईत गेले, एवढे आमच्या घरात परंपरेने सांगितले जाते. आमचे मूळ गाव सिन्नर तालुक्यातले. कोरडवाहू जमीन, चार भाऊ, आणि भरती झाल्यावर मिळणारा पगार, एवढ्यात त्यांच्या सैन्यात जाण्याचे कारण आले. ते गेल्यावर सरकारकडून एक पदक आले होते, ते मी लहानपणी धान्याच्या कणगीजवळच्या कोनाड्यात पाहिले आहे. सहा टोकांचा ताऱ्यासारखा तुकडा होता आणि आम्ही मुले त्याने विटीदांडूची गल आखत असू. बहात्तरच्या दुष्काळात घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर ते पदकही गेले. त्याचे कोणाला काही वाटले नाही; पोट भरण्याचे दिवस होते. मला मात्र फार वर्षांनी कळले की हिंदी सैन्यातील शिपायांच्या त्या पदकांवर मागच्या बाजूला शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असे. म्हणजे जी माहिती मी आज शोधत आहे ती आमच्या घरात पंचवीस-तीस वर्षे कोनाड्यात पडून होती.

आयोगाची मृतांची नोंदवही आता इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. कोहिमाहून परत आल्यावर नातवाला शेजारी बसवून मी ती पाहिली. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमुक गाव, अमुक जिल्हा, हिंदुस्थान असे लिहिलेले असते. बायकोचे नाव नोंदीत असेल हे मला अपेक्षितच नव्हते. मात्र नावे इंग्रज किंवा इंग्रजी शिकलेल्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी उतरवलेली आहेत. एकच पांडुरंग कोठे पांडू होतो, कोठे पंडुरंग; आडनाव कधी असते, कधी नसते; आणि गावाच्या नावाचे काय होईल ते सांगता येत नाही. आमच्या थोरल्या आजोबांच्या नावाचे मराठा पलटणींतले तीन शिपाई मिळाले. एकाच्या बापाचे नाव वेगळे आहे, त्यामुळे तो आमचा नव्हे. उरलेल्या दोघांच्या नोंदीत बाप नाही, गाव नाही, काही नाही. यांतला आमचा कोणता हे सांगू शकेल असा माणूस आमच्या भाऊबंदकीत आज हयात नाही. वीस वर्षांपूर्वी होता. माझी चुलत आजी ९० च्या पुढे जगली, तिला पलटणीचा क्रमांक पाठ होता असे सगळे म्हणतात. तो लिहून घ्यावा असे कोणाला सुचले नाही, आणि त्या कोणांत मीही आहे.

खरे तर माझी इच्छा इंफाळला जाण्याची होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येस सांगशाक येथे हवाई छत्री ब्रिगेडबरोबर लढली, आणि जपान्यांची कोहिमाकडे येणारी फौज तेथे काही दिवस अडकून पडल्यामुळे कोहिमाच्या तयारीला वेळ मिळाला असे लष्करी इतिहासकार मानतात. इंफाळमध्ये हिंदी सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे. तीत ८२८ कबरी आणि दहनस्मारकावर ८६८ नावे आहेत. परंतु २०२३ च्या मे महिन्यात मणिपुरात जो हिंसाचार सुरू झाला त्यामुळे आमची सहल तिकडे गेली नाही. शिवाय आमचा शिपाई इंफाळच्या भिंतीवर असेल की रंगूनजवळच्या तौच्यान येथील स्मारकावरील सुमारे २७,००० नावांत असेल, हेही मला ठरवता येत नाही.

आता धुळवडीकडे येतो. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे धुळवडीचा दिवस रंगाचा नसतो, रंग आम्ही रंगपंचमीला खेळतो; धुळवड ही वीरांची. घराण्यात जो कोणी लढाईत किंवा अवेळी गेला असेल त्याचा टाक देवघरात असतो, तो त्या दिवशी खोबऱ्याच्या वाटीत, लाल कापडात घेऊन वाजतगाजत गंगेवर नेतात, रामकुंडात त्याला स्नान घालतात आणि घरी आणून पुन्हा देव्हाऱ्यात बसवतात. पोरांना देवांचे, मावळ्यांचे पोशाख घालतात. मिरवणुकीतला मानाचा दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो तेव्हा गल्ल्यांतून पाय ठेवायला जागा नसते. आमच्याही घरी टाक आहे: चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. आमचे थोरले आजोबा घोड्यावर कधी बसले नसतील आणि तलवार त्यांनी परेडच्या मैदानावरच काय ती पाहिली असेल, पण टाक त्यांचाच. यंदा वाटेत मी आमच्या धाकट्या नातीला विचारले, "हे कोण गं?" ती म्हणाली, "वीर." मी विचारले, "नाव काय त्यांचं?" ती म्हणाली, "वीरच." शेजारच्या घरचा टाक घेऊन चाललेल्या मुलालाही विचारले, त्यालाही ठाऊक नव्हते, त्याच्या बापालाही नव्हते.

वीरगळांची, म्हणजे वीरांच्या जुन्या स्मारकशिळांची, तीच कथा आहे. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी, पडक्या शिवालयाच्या अंगणात हे दगड आपल्या जिल्ह्यातही उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षर कोरलेले नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नाव माहीत होते, मग कोरायचे कशाला असे त्यांना वाटले असावे. आज त्यांवर शेंदराचे थर चढले आहेत आणि कोठे म्हसोबा तर कोठे वेताळ म्हणून नारळ फुटतो. वीराला देव करण्यात आम्ही हयगय केली नाही. मला गृहस्थी माणसाला एवढेच वाटते की देव होण्याच्या बदल्यात त्याला आपले नाव सोडावे लागू नये.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या गाडीतही घेतला गेलाच: हे शिपाई इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले, त्यांचे कौतुक कशाला? त्याच आघाडीवर पलीकडून नेताजींची आझाद हिंद सेना येत होती आणि १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपुरातल्या मोइरांगला तिरंगा फडकला होता, हे आम्ही विसरायचे काय? आक्षेप खोटा नाही. आपल्या जिल्ह्यात तर तो डोळ्यांसमोर दिसतो. ज्या भगूरमध्ये सावरकर जन्मले, ते भगूर आणि इंग्रजांची देवळाली छावणी यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर आहे. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेऱ्यांनी इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच शहरात, आणि त्यानंतर पाच वर्षांनी पहिल्या महायुद्धासाठी भरती झाली तीही याच मुलखात. दोन्ही माणसे आपलीच. कोणाची बाजू बरोबर होती हे इतिहासात अवश्य शिकवावे. माझे स्वतःचे मतही या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांच्या फार दूर नाही. पण दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती आणि त्यांतले सुमारे ८७,००० मेले. ती सगळी साम्राज्याच्या प्रेमात पडलेली माणसे होती असे कोणी म्हणणार नाही. आझाद हिंद सेनेच्या ज्या जवानांनी त्याच डोंगरांत उपासमारीने व हिवतापाने प्राण सोडले त्यांच्यापैकी किती जणांची नावे कोठे कोरलेली आहेत, हा प्रश्न तर आणखी बोचणारा आहे. यादी करायचीच झाली तर तीत तेही आले पाहिजेत.

देवळालीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत येऊन राहत आणि मुंबईहून बोटीची वाट पाहत. सैन्याच्या बोटी पावसाळा संपल्यावरच सुटत, त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपलेल्याला महिनोन् महिने येथे काढावे लागत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने माणसे इतकी भ्रमिष्ट होत की इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणू लागले. तो शब्द म्हणजे आपली देवळाली. त्यांतले काही बोट येण्याआधीच मेले आणि येथेच पुरले गेले. छावणीतली ती जुनी दफनभूमी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मी साठ वर्षे नाशिकात काढली आणि प्रथम गेलो तो कोहिमाहून आल्यावर, या जानेवारीत. घरापासून दहा-बारा किलोमीटरवरची जागा पाहण्यासाठी मला अडीच हजार किलोमीटर जाऊन यावे लागले, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

आणि ज्यांना ईशान्येकडे जाणे शक्य नाही त्यांनी पुण्याला गेल्यावर खडकीची वॉर सिमेट्री पाहावी. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या आणि जेथे पुढे देखभालीची खात्री नव्हती अशा दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरी एकत्र आणण्यासाठी ती करण्यात आली. तेथे १,६६८ कबरी आहेत. आवारातच पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून जून १९६२ मध्ये ज्यांचे अवशेष येथे आणले त्या ६२९ जणांची नावे त्यातच आहेत. आमच्या शाळेची सहल मी पस्तीस वर्षांत किमान दहा वेळा पुण्याला नेली. शनिवारवाडा, सिंहगड, सर्पोद्यान. खडकीला एकदाही नेली नाही, कारण तेथे काय दाखवायचे हे मलाच माहीत नव्हते.

रायगड जिल्ह्यातील पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतले सगळे पडलेले असताना त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. हातबाँबने मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवले, आणि लगेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तेही पडले. वय २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, पण कबर नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकाच्या भिंतीवर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. गाव लहान, शिपाई परका, घटनेला ७९ वर्षे झालेली. तरी त्या लोकांनी नाव शोधून काढले, त्याचा उच्चार शिकून घेतला आणि दगडावर घातले. घाडगे यांना निदान क्रॉस होता. ज्यांना काहीच मिळाले नाही अशा आपल्या जिल्ह्यातील शिपायांचे काय, याचे उत्तर इटलीकडे मागता येणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. नाशिक जिल्ह्यातून दोन्ही महायुद्धांत गेलेल्या आणि परत न आलेल्या सैनिकांची तालुकावार, गाववार यादी मराठीत तयार व्हावी. तीत इंग्रजी नोंदवहीतले नाव आणि गावात ज्या नावाने ओळखतात ते नाव, दोन्ही असावीत. हे काम नुसते कार्यालयात बसून होणार नाही. गेल्या महिन्यात मी एका सरकारी कार्यालयात या चौकशीसाठी गेलो होतो. तेथील कर्मचाऱ्याने सौजन्याने ऐकून घेतले, पाणी दिले आणि स्वातंत्र्यापूर्वीचे आपल्याकडे काही येत नाही असे सांगून दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला. दुसऱ्या कार्यालयाने पहिल्याचा दिला. त्यांना मी दोष देत नाही, कागद त्यांच्याकडे नसतीलच. कागद आयोगाकडे आहे आणि ओळख गावाकडे आहे, आणि या दोहोंना एका ठिकाणी बसवायला तालुक्याच्या गावी आठ-पंधरा दिवस कोणीतरी बसावे लागेल. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक आणि इतिहासाचे महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मनावर घेतले तर पावसाळ्यापूर्वी निदान सिन्नर आणि निफाड एवढे दोन तालुके होऊ शकतील. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने काही गावांत संगमरवरी पाट्या लावल्या होत्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढेच त्यांवर लिहिलेले असे. अशी पाटी आपल्या गावाच्या चावडीत किंवा शाळेत कोणाला आढळली तर तिचा आकडा टिपून ठेवावा, कारण आकड्याइतकी नावे गावातून मिळाली की नाहीत हे त्यावरून तपासता येईल.

वाचकांनाही सांगणे आहे. घरातल्या जुन्या पेटीत, कोनाड्यात, देवघरात पितळी-कांस्याचा तारा किंवा गोल पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करण्याआधी त्याची कड व मागची बाजू भिंगाखाली पाहावी. कोरीव अक्षरे झिजली की परत येत नाहीत. घरात ८० च्या पुढची माणसे असतील तर त्यांना पलटण, गावाचे जुने नाव आणि त्या शिपायाच्या बायकोचे माहेर विचारून ठेवावे. माहेरचे गाव विशेष विचारावे, कारण आमच्या दोन नोंदींचा घोळ केवळ तेवढ्यानेही कदाचित सुटला असता. सहली नेणाऱ्यांना म्हणणे एवढेच की कोहिमाला अर्ध्या तासाऐवजी दीड तास द्यावा आणि शालींची खरेदी त्यानंतर ठेवावी. लोक आधी कुरकुर करतील. आमच्या काकांनीही केली होती.

मी स्वतः सुरुवात आमच्या गावापासून केली आहे. पारावर दोन रविवार बसून अकरा नावे मिळाली, त्यांपैकी चार नोंदवहीत जुळली, सात अजून जुळत नाहीत. आपल्या दैनिकाने या यादीसाठी आठवड्यातून एकदा वाचकांच्या पत्रांच्या सदरात चार ओळींची जागा दिली तर गावोगावचे वाचक आपापल्याकडील नावे पाठवू शकतील. पुढच्या धुळवडीला रामकुंडावर टाकांना स्नान घालण्यापूर्वी ती नावे मोठ्याने वाचावीत असेही मनात आहे. त्याविषयी मिरवणुकीतल्या जाणत्या मंडळींशी बोलणार आहे.

आमच्या घरचा टाक रंगपंचमी झाल्यावर मी सराफ बाजारात नेला आणि मागच्या पत्र्यावर थोरल्या आजोबांचे नाव कोरून द्यायला सांगितले. सोनार आधी तयार होईना. टाकावर नाव घालत नाहीत, देव आहे तो, म्हणाला. शेवटी घरी आईला फोन लावून दिला, तेव्हा ती ९१ वर्षांची म्हातारी त्याला म्हणाली, "घाल बाबा, आमचाच माणूस आहे." त्याने नाव आणि गाव कोरले आहे, आणि खाली पलटणीच्या क्रमांकापुरती जागा मोकळी सोडली आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
पंचवटी, नाशिक